उपाशीपोटीचे इन्सुलिन

रक्तातील इन्सुलिन मोजण्याची तपासणी पूर्वी मोठ्या शहरांतल्या मोजक्या प्रयोगशाळांपुरतीच होती, आणि ती लिहून देणारे डॉक्टरही बहुतेक अंतःस्रावतज्ज्ञ, म्हणजे शरीरातील ग्रंथी व त्यांतून पाझरणारी संप्रेरके यांच्या विकारांचे जाणकार असत. महाराष्ट्रात हे चित्र गेल्या काही वर्षांत पालटले. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीचा आधार घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याची जी आहारपद्धती व्याख्यानांतून लोकांपर्यंत नेली, तिच्यात आरंभी उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, या दोन्ही करून घ्याव्यात आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा करून पाहाव्यात, असे सांगितले जाते. त्यामुळे हातात डॉक्टरांची चिठ्ठी नसतानाही ‘फास्टिंग इन्सुलिन करायचंय’ असे म्हणत सकाळी सात वाजता काउंटरवर येणारी माणसे आता तालुक्याच्या गावीही दिसतात. एखादी संप्रेरकाची तपासणी इतक्या लोकांच्या तोंडी यावी, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना समाधानाचे वाटते. त्याबरोबर एक काळजीही येते, ती अशी की या तपासणीचा खरेखोटेपणा रक्त यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या आधीच बहुतांशी ठरून गेलेला असतो आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला त्याचा काही मागमूस लागत नाही.

इन्सुलिन हे स्वादुपिंडातील बीटा पेशींमध्ये तयार होणारे ५१ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन होय. त्याच्या दोन साखळ्या असून एकीत २१ आणि दुसरीत ३० अमिनो आम्ले असतात, आणि त्यांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी उलगडला, ज्यासाठी त्यांना १९५८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्रथिन रक्तात किती थोडे असते याची कल्पना आल्याशिवाय त्याच्या मोजणीतली अवघड जागा लक्षात येत नाही. निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात साखर सुमारे ०.९ मिलिग्रॅम असते, तर इन्सुलिन एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्याही तिसऱ्या हिश्श्याइतके, म्हणजे साखरेच्या पंचवीस लाखांश वजनाचे. साखर रसायनांनी मोजता येते. इन्सुलिनला तसे पकडता येत नाही, कारण ज्या द्रवात ते असते त्यात इतर प्रथिनांचा महापूर असतो, आणि त्या पुरातून नेमके हेच प्रथिन ओळखणारे काहीतरी हाताशी असावे लागते.

हे ‘काहीतरी’ न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या हाती जवळजवळ आडवळणाने आले. यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ, तर बर्सन हे डॉक्टर. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात इन्सुलिन फार लवकर नष्ट होत असावे, असा त्या काळी एक तर्क होता, आणि तो तपासण्यासाठी या दोघांनी किरणोत्सारी आयोडीनची खूण लावलेले इन्सुलिन माणसांच्या शिरेत टोचून ते किती वेळात नाहीसे होते हे पाहिले. निष्कर्ष मात्र उलटा आला. ज्यांनी पूर्वी गुराढोरांपासून काढलेले इन्सुलिन टोचून घेतले होते, त्यांच्या रक्तात खुणेचे इन्सुलिन जास्त वेळ टिकत होते, आणि त्याचे कारण असे निघाले की त्यांच्या शरीराने या परक्या इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे एखाद्या विशिष्ट पदार्थाला नेमके ओळखून चिकटणारी प्रथिने, तयार केली होती. एवढ्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात हे तेव्हाच्या जाणकारांना पटत नव्हते. शोधनिबंध नाकारला गेला, आणि शेवटी १९५६ साली तो छापून आला तेव्हा शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ हा शब्द काढावा लागला होता. नकाराचे ते पत्र यॅलो यांनी जपून ठेवले आणि १९७७ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात त्याचा समावेश केला. बर्सन १९७२ सालीच निवर्तले होते, आणि मृत व्यक्तीला हे पारितोषिक दिले जात नसल्याने त्या सन्मानात त्यांचे नाव येऊ शकले नाही, ही गोष्ट या क्षेत्रातल्या माणसाला आजही चुटपुट लावून जाते.

त्या निरीक्षणातून त्यांनी जी पद्धत उभी केली तिला रेडिओइम्युनोॲसे, बोलण्यात ‘आरआयए’, म्हणतात. तिचे तत्त्व एस.टी.च्या बाकड्यांवरून समजण्याजोगे आहे. प्रतिपिंडांच्या जागा मोजक्या ठेवायच्या, त्यांवर बसण्यासाठी खुणेचे इन्सुलिन ठरावीक प्रमाणात सोडायचे आणि मग रुग्णाच्या सीरममधले, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर द्रवातले, बिनखुणेचे इन्सुलिन त्यात मिसळायचे. बिनखुणेचे प्रवासी जितके जास्त चढतील तितके खुणेचे प्रवासी उभे राहतील, आणि बसलेल्या खुणेच्या प्रवाशांची मोजदाद गॅमा काउंटर या यंत्राने केली की रुग्णाच्या इन्सुलिनचा आकडा निघतो. या पद्धतीचे पेटंट यॅलो आणि बर्सन यांनी घेतले नाही, म्हणूनच ती जगभर झपाट्याने पसरली. भारतात मुंबईतील परळला १९६३ साली सुरू झालेले भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आणि पुढे वाशीची ‘ब्रिट’ ही संस्था यांच्यामुळे आरआयएचे शिक्षण आणि किट देशातच मिळू लागले. त्या किटमधल्या आयोडीन-१२५ या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ६० दिवसांचे असल्यामुळे किट आल्या दिवसापासून हळूहळू थकत जाई. आठवड्यातला एक ठरलेला दिवस ‘इन्सुलिनचा दिवस’ असे, पुरेसे नमुने साठेपर्यंत ते गोठवून ठेवले जात, आणि एकेक नळीत पिपेटने द्रव सोडणाऱ्या तंत्रज्ञाला दिवसभर मान वर करायला सवड नसे. त्या पिढीला एक सवय आपोआप लागली, ती म्हणजे प्रत्येक नमुना डोळ्यांनी पाहण्याची.

आताच्या यंत्रात किरणोत्सार राहिलेला नाही. इन्सुलिनच्या रेणूला दोन वेगवेगळ्या जागी चिकटणारी दोन प्रतिपिंडे वापरतात. त्यांपैकी एक चुंबकीय कणांवर बसवलेले असते आणि दुसऱ्याला प्रकाश सोडणारे रसायन जोडलेले असते, मधे इन्सुलिन सापडले तरच दोघांची जोडी जमते, आणि जितक्या जोड्या तितका प्रकाश. या पद्धतीला केमिल्युमिनेसन्स म्हणतात. नमुना ठेवल्यापासून साधारण अर्ध्या तासात आकडा पडद्यावर येतो, आणि तो दशांश चिन्हासकट येत असल्यामुळे त्याच्यावर लगेच विश्वास बसतो.

मात्र यंत्राला नळीतला द्रव जसा मिळतो तसाच मोजता येतो, आणि त्या द्रवाला काय काय सोसावे लागले याची नोंद त्याच्याजवळ नसते. लाल रक्तपेशींच्या आत इन्सुलिनचे तुकडे करणारे एक विकर असते. पेशी शाबूत आहेत तोवर ते आत बंदिस्त राहते. पेशी फुटल्या, ज्याला हिमोलिसिस म्हणतात, की ते सीरममध्ये येते आणि इन्सुलिन खाऊ लागते, आणि उष्णता व वेळ यांची साथ मिळाली की हे काम वाढत जाते. पोटॅशियमच्या तपासणीत फुटलेल्या पेशी आकडा फुगवतात, त्यामुळे तो निदान खटकतो तरी. इन्सुलिनचा आकडा मात्र गुपचूप खाली येतो, आणि खाली आलेला आकडा सगळ्यांनाच आवडत असल्याने तो कोणाला खटकत नाही. पेशी फुटण्याची कारणे अगदी साधी असतात. बारीक सुईने, सापडत नसलेल्या शिरेतून कसेबसे ओढलेले रक्त. दंडाला फार वेळ आवळून ठेवलेला पट्टा. सिरिंजमध्ये घेतलेले रक्त तीच सुई नळीच्या रबरी बुचात खुपसून, दट्ट्या जोराने दाबून नळीत सोडण्याची सवय. रक्त नीट गोठण्याआधीच नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून पेशी तळाशी बसवणाऱ्या यंत्रात, घालण्याची घाई. आणि सगळ्यात मोठे कारण म्हणजे तालुक्याहून जिल्ह्यापर्यंतचा प्रवास.

एका जिल्ह्याच्या गावच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात घडलेला प्रसंग येथे नोंदवण्यासारखा आहे. पन्नाशीच्या घरातले एक शिक्षक तीन महिने नेटाने दोन वेळचे जेवण पाळून पुन्हा तपासणीला गेले होते, आणि या वेळी जिल्ह्याला येण्याचा हेलपाटा वाचावा म्हणून त्यांनी रक्त आपल्या तालुक्यातल्या कलेक्शन सेंटरवर दिले होते. आधीच्या रिपोर्टात त्यांचे उपाशीपोटीचे इन्सुलिन १९.४ होते, ते या वेळी २.३ आले. रिपोर्ट त्यांच्या मोबाइलवर गेला आणि दुपारीच त्यांचा आनंदाचा फोन आला. फोन घेणाऱ्या ज्येष्ठ तंत्रज्ञाने सहज म्हणून दोन्ही वेळची साखर पाहिली, तर ती पूर्वी १०२ होती आणि आता ९८. वजन चार किलोने उतरले होते ही गोष्ट चांगलीच, पण साखर जवळपास तिथेच असताना इन्सुलिन आठव्या हिश्श्यावर यावे, हे त्यांच्या मनाला पटेना. फ्रिजमधल्या रॅकमधून त्यांनी ती पिवळ्या टोपणाची नळी काढून उजेडाकडे धरली. जेलच्या पांढुरक्या थराखाली रक्ताची गुठळी आणि वर सीरम, हे सगळे जागच्या जागी होते. मात्र ते सीरम गवती पिवळे नव्हते, तर कोकम सरबतात पाणी वाढवावे तसे फिकट गुलाबी होते. लेबलवर रक्त काढल्याची वेळ सकाळी ७.१० अशी होती आणि प्रयोगशाळेच्या नोंदवहीत नमुना मिळाल्याची वेळ दुपारी १२.४०, थर्मोकोलच्या डब्यातला आइस पॅक तोवर पाणी झालेला होता, आणि नळी न फिरवता तशीच पाठवली गेली होती.

शिक्षकांना दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी जिल्ह्याला बोलावून पुन्हा रक्त घेतले गेले, अर्धा तास गोठू दिले, लगेच फिरवले आणि त्याच यंत्रावर लावले. आकडा १२.८ आला. “म्हणजे कालचा रिपोर्ट खोटा होता का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा तंत्रज्ञाने दिलेले उत्तर साधे होते. “सर, रक्त तुमचंच होतं. पण ते आमच्याकडे पोहोचेपर्यंत त्यातलं इन्सुलिन बरंचसं मोडून गेलं होतं, आणि ते आम्हाला रिपोर्ट सोडायच्या आधी दिसायला हवं होतं.” शिक्षक थोडे हिरमुसले, तरी १९.४ वरून १२.८ ही घटही खरीच होती आणि ती त्यांच्या तीन महिन्यांच्या कष्टाची होती. चूक कोणा एकाची नव्हती. आदल्या दिवशी सकाळपासून पाच हातांतून गेलेल्या त्या नळीला एकानेही उजेडात धरून पाहिले नव्हते. साखर, युरिया मोजणाऱ्या मोठ्या यंत्रांना सीरमचा रंग ओळखून इशारा देण्याची सोय बहुधा असते. संप्रेरके मोजणाऱ्या अनेक यंत्रांना ती नसते, आणि तेथे तंत्रज्ञाचे डोळे हीच सोय उरते.

बाहेरून येणाऱ्या नमुन्यांसाठी याच्यावर उपाय आहेत आणि ते महागडेही नाहीत. कलेक्शन सेंटरवरच छोटे सेंट्रिफ्यूज ठेवून सीरम वेगळे करून पाठवणे हा सर्वांत चांगला उपाय; जांभळ्या टोपणाच्या, ईडीटीए हे गोठणरोधक घातलेल्या नळीत इन्सुलिन सीरमपेक्षा अधिक वेळ टिकते, म्हणून किटच्या माहितीपत्रकात परवानगी असेल तर तिचा वापर करणे हा दुसरा. साखरेची नळी तर वेगळीच हवी, करड्या टोपणाची, जिच्यातले फ्लोराइड पेशींना नळीतली साखर वापरू देत नाही; कारण इन्सुलिनच्या आकड्याला अर्थ मिळतो तो त्याच वेळी घेतलेल्या साखरेमुळे.

ही जोडीची गोष्ट समजून घेण्यासाठी इन्सुलिन शरीरात कसे वागते हे पाहावे लागते. साखर वाढली की ते वाढते आणि साखर उतरली की उतरते. शिवाय स्वादुपिंड ते सलग धारेने सोडत नाही, काही मिनिटांच्या अंतराने ठोके दिल्यासारखे सोडते, आणि यकृतातून पहिल्यांदा जातानाच त्यातले सुमारे निम्मे खर्ची पडते. रक्तात आल्यावर त्याचे अर्धायुष्य जेमतेम चार ते सहा मिनिटांचे. म्हणून सकाळी ७.१० ला घेतलेला आणि ७.१५ ला घेतलेला नमुना यांत फरक पडला तर तो यंत्राचा दोष असेलच असे नाही. १९८५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांच्यावरून इन्सुलिन-प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिन असूनही पेशींनी त्याला नीट न जुमानणे, याचा अंदाज बांधणारे ‘होमा’ हे गणित मांडले, तेव्हा पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन नमुने घेऊन त्यांची सरासरी धरावी असे सुचवले होते. प्रत्यक्षात सगळीकडे एकाच नमुन्यावर हे गणित केले जाते. मिलिग्रॅममधली साखर आणि मायक्रोयुनिटमधले इन्सुलिन यांचा गुणाकार करून त्याला ४०५ ने भागले की होमाचा आकडा मिळतो. वरच्या शिक्षकांचा आरंभीचा होमा सुमारे ४.९ होता, गुलाबी नमुन्याने तो ०.६ च्या आत दाखवला, आणि खऱ्या नमुन्यावर तो ३.१ च्या आसपास निघाला.

आकड्याविषयी आणखी एक अडचण आहे, ती फारशी बोलली जात नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर त्याच सीरमचे आकडे सारखे येत नाहीत, काही वेळा फरक दुपटीच्या जवळ जातो, आणि साखरेसारखी सर्व प्रयोगशाळांना एका पट्टीवर आणणारी व्यवस्था इन्सुलिनच्या बाबतीत अद्याप पक्की बसलेली नाही. त्यात एककांचा घोळ आहे. काही रिपोर्टांत मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर असते तर काहींत पिकोमोल प्रति लिटर, आणि एकातून दुसऱ्यात जाताना मानवी इन्सुलिनसाठी ६ ने गुणावे की जुन्या पुस्तकांप्रमाणे ६.९४५ ने, यावरही एकवाक्यता नाही. त्यामुळे जानेवारीत एका प्रयोगशाळेत आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेत केलेल्या तपासणीची तुलना करून आहाराचा निकाल लावणाऱ्या माणसाला, दोन्ही वेळा एकाच ठिकाणी जा, एवढे सांगणे हे काउंटरवरच्या माणसाचे कर्तव्यच ठरते. मधुमेहाचे निदान तर इन्सुलिनवरून करायचेच नसते. ते उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त, अशा साखरेच्याच कसोट्यांवर होते. ‘इन्सुलिन नॉर्मल आलं म्हणजे शुगर नाही ना?’ हा प्रश्न काउंटरवर नेहमी ऐकू येतो. इन्सुलिन कमी येण्याचा अर्थ, थोडे इन्सुलिनही पुरावे इतके शरीर तंदुरुस्त आहे असाही होतो आणि स्वादुपिंड थकले आहे असाही. कोणता अर्थ घ्यायचा ते शेजारची साखर सांगते.

हेच संप्रेरक एका वेगळ्या प्रसंगी मात्र जिवावरच्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि या कामात मुरलेल्या माणसाच्या मते इन्सुलिन मोजण्याची खरी गरज तेथेच आहे. मधुमेह नसलेला माणूस घामाने डबडबून, बरळत किंवा बेशुद्धीत रुग्णालयात आणला जातो, त्याची साखर ३८ निघते आणि ग्लुकोज दिल्यावर तो काही मिनिटांत शुद्धीवर येतो. साखर इतकी उतरली असताना निरोगी स्वादुपिंडाने इन्सुलिन जवळपास बंद केलेले असायला हवे; म्हणून ग्लुकोज देण्याआधी काढलेल्या त्याच रक्तात ते किती होते हे मोलाचे ठरते. साखर ५५ च्या खाली असताना इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट किंवा अधिक असेल तर ते वावगे मानले जाते. हे इन्सुलिन कोठून आले हे कळण्यासाठी सी-पेप्टाइडची जोड लागते. बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन नावाचा लांब रेणू तयार करतात, जो शिकागोच्या डोनाल्ड स्टाइनर यांनी १९६७ साली शोधला. पुढे त्याचे तुकडे होऊन इन्सुलिन आणि ३१ अमिनो आम्लांचा सी-पेप्टाइड हे दोन्ही सारख्याच संख्येने रक्तात सोडले जातात. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते. म्हणून दोन्ही जास्त आले तर इन्सुलिन त्याच्या स्वतःच्या स्वादुपिंडातून आले आहे, मग कारण स्वादुपिंडातली गाठ असो वा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या मधुमेहाच्या गोळ्या चुकून पोटात गेलेल्या असोत. आणि इन्सुलिन भरपूर पण सी-पेप्टाइड नगण्य असेल, तर ते बाहेरून टोचले गेले आहे.

या दुसऱ्या शक्यतेला एक सापळा आहे. आजकाल वापरात असलेली लिस्प्रो, ॲस्पार्ट, ग्लार्जिन ही इन्सुलिने मानवी इन्सुलिनमध्ये थोडा फेरफार करून बनवलेली असतात, आणि काही किटमधली प्रतिपिंडे त्यांना ओळखतच नाहीत, तर काहींची ती पुरेपूर ओळखतात. अशा न ओळखणाऱ्या किटवर, साखर ३८, इन्सुलिन ०.५ आणि सी-पेप्टाइड नगण्य, असा रिपोर्ट येतो. इन्सुलिनचा येथे काही संबंध नाही असे समजून डॉक्टर भलत्याच दिशेने शोध घेऊ लागतात, आणि त्या रक्तात खरे तर टोचलेले इन्सुलिन असते. प्रयोगशाळेने आपल्या किटचे माहितीपत्रक नीट वाचलेले असेल आणि ते डॉक्टरांना फोन करून सांगितले असेल तर एका वाक्यात हा गोंधळ टळतो. रात्री तीन वाजता वॉर्डमधून आलेल्या अशा नळीसाठी तंत्रज्ञाने स्वतःहून फोन उचलणे हे कोणत्याही नियमावलीत ठळक अक्षरांत लिहिलेले नसते, तरी चांगल्या प्रयोगशाळेची ओळख त्यावरूनच पटते.

इन्सुलिनच्या मोजणीने मराठी मुलखाविषयी जे दाखवून दिले त्याचा उल्लेख केल्याशिवाय हे लेखन पुरे होणार नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यातून असे दिसले की तेथील नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ हलकी असूनही त्यांच्या अंगावरची चरबी मात्र तितकी कमी नव्हती. पुढे पुण्यातल्या आणि लंडनमधल्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताची तुलना झाली, तेव्हा पुण्याच्या हलक्या बाळांच्या रक्तात इन्सुलिन अधिक निघाले. हडकुळ्या दिसणाऱ्या बाळात चरबी दडलेली असू शकते, आणि मधुमेहाची वाट जन्माआधीच सुरू होते, हा विचार या मोजणीवर उभा राहिला. नाळेचे रक्त काढणे हे हाताच्या रक्तापेक्षाही कठीण. ते सहज फुटते, आणि बाळ कधी जन्माला येईल याचे वेळापत्रक नसते. रात्री-अपरात्री, कोणताही प्रहर न पाहता त्या नळ्या वेळेत फिरवून गोठवून ठेवणाऱ्या हातांशिवाय असे अभ्यास उभे राहत नाहीत, आणि त्या हातांची नावे सहसा कोणाला माहीत नसतात.

काउंटरवरचे प्रश्न हा या कामाचा शेवटचा, आणि खरे तर पहिला, भाग आहे. ‘उपाशी आहात ना?’ या प्रश्नाला ‘हो’ असेच उत्तर मिळते. कारण अनेकांच्या हिशेबात चहा म्हणजे खाणे नव्हे, आणि पहाटे घेतलेले गूळ घालून केलेले लिंबूपाणी किंवा मधाचे पाणी तर औषधच. म्हणून जाणता तंत्रज्ञ ‘उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?’ असे विचारतो, आणि रात्रीचे जेवण किती वाजता झाले हेही विचारतो, कारण आठ ते दहा तासांचा खंड हवा असतो. त्यानंतर गोळ्यांचा प्रश्न येतो. केस गळू नयेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व पाच-दहा मिलिग्रॅम इतक्या भारी मात्रेत असते. ज्या किटमध्ये प्रतिपिंडे बायोटिनच्याच पकडीने कणांवर बसवलेली असतात, तेथे रक्तातले जादा बायोटिन ती पकड अडवते आणि इन्सुलिन खोटेच कमी दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी जाहीर इशारा दिला होता. पीसीओएस या अंडाशयांशी निगडित विकारासाठी इन्सुलिन तपासायला येणाऱ्या मुलींपैकी काही जणी नेमक्या याच गोळ्या घेत असतात, कारण त्या विकारात केस गळतात, आणि ‘ती काय औषधं थोडीच आहेत’ असे वाटून त्या आपण होऊन सांगत नाहीत.

गुलाबी सीरमच्या त्या प्रसंगानंतर संबंधित प्रयोगशाळेने आपल्या तालुक्याच्या सेंटरांना सेंट्रिफ्यूज दिले, आणि इन्सुलिनच्या नळीला एक वेगळे लेबल ठरवले, ज्यावर रक्त काढल्याची वेळ, नळी फिरवल्याची वेळ आणि ‘सीरमचा रंग’ अशा तीन रिकाम्या जागा असतात. पहिले काही आठवडे रंगाची जागा कोरीच येत असे. नंतर तिथे ‘पिवळा’ असे निळ्या बॉलपेनने लिहिलेले दिसू लागले, आणि एका सकाळी एका नळीवर ‘थोडा गुलाबी, परत घेते आहे’ असे लिहून आले. सोबत त्याच माणसाच्या नावाची, पंधरा मिनिटांनंतरची वेळ घातलेली दुसरी नळी होती.